करड्या बेटाला रंग दिला तर

नमस्कार ताई,

कपाट रिकामं करताना जुना करडा गेम बॉय, निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं यंत्र, हाती लागला. आत एकच कार्ट्रिज (खेळाची डबी), ‘द लेजंड ऑफ झेल्डा : लिंक्स अवेकनिंग’. नवे सेल घातले आणि चक्क सुरू झाला! जतन केलेल्या नोंदींच्या यादीत पहिल्या ओळीत दादाचं नाव, दुसऱ्या ओळीत माझं. दादाने खेळ पूर्ण केला होता. मी सातव्या डंजनमध्ये (कोड्यांनी भरलेल्या चक्रव्यूहात), त्या गरुडाच्या मनोऱ्यात अडकलो. मग माझी शाळा, परीक्षा, दादाचं शिकायला घर सोडून जाणं, या सगळ्यात खेळ राहूनच गेला. शेवट मला आजही माहीत नाही. सांगायचा नाही म्हणून दादाला तेव्हाच शपथ घातली होती.

आता पूर्ण करावा म्हणतो, पण पडद्यावर धड काही दिसत नाही. माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, “बाबा, याची शाई संपलीय का?” याच खेळाची १९९८ साली रंगीत आवृत्ती निघाली होती असं वाचलं. ती मिळवण्यात अर्थ आहे का, की नुसता रंग फासलाय? एक मित्र म्हणतो, वेगळी आवृत्ती कशाला, हेच कार्ट्रिज रंगीत गेम बॉयमध्ये घाल, आपोआप रंग येतात. दुसरा म्हणतो, २०१९ची नवी आवृत्ती घे आणि बाकी सगळं विसर. शिवाय मनात एक धास्ती आहे. माझ्या डोक्यातलं ते बेट शेवाळी-करडं आहे. रंगीत पाहिलं तर ते पुसलं जाईल का?

— मनोऱ्यात अडकलेला

प्रिय मनोरेकर (हे आडनाव तुम्हीच ओढवून घेतलंत),

उत्तर आधी देते, कारणं मागून. १९९८ची रंगीत आवृत्ती, म्हणजे ‘लिंक्स अवेकनिंग डीएक्स’, खुशाल मिळवा. नुसता रंग फासलाय का? बऱ्याच अंशी हो, आणि मला ती आवडते ती त्याचसाठी. पण ती कुठे पळून जात नाही. तुमच्या कार्ट्रिजमधलं दादाचं नाव मात्र जाऊ शकतं, तेव्हा आधी त्याचं बघू.

त्या करड्या डबीत खेळ ज्या चिपवर आहे तिला सहसा काही होत नाही. तुम्ही कुठवर पोचलात, हृदयं किती, हत्यारं कोणती, आणि ती पाच अक्षरांची नावं, हे मात्र वेगळ्या मेमरीत असतं. जेमतेम ८ किलोबाइटची मेमरी. तिला अखंड थोडीशी वीज लागते आणि ती पुरवतो आत झाळलेला एक चपटा सेल, घड्याळात असतो तसला. यंत्र बंद असो, कपाटात असो, कार्ट्रिज यंत्राबाहेर असो, त्याची ड्यूटी चालूच. असे सेल साधारण पंधरा-वीस वर्षांत मान टाकतात. तुमचा अजून तग धरून आहे हे नवलच. उद्या असेलच याची हमी कोणी देणार नाही.

इथे लोक जी चूक करतात ती मी स्वतः करून बसले आहे. कार्ट्रिजचा स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरला दाद देत नाही, त्याला ३.८ मिलिमीटरचं खास टोक लागतं. ते मी मोठ्या उत्साहाने मिळवलं, झाकण काढलं, जुना सेल उपटला, नवा झाळला आणि स्वतःवर खूश होऊन यंत्र सुरू केलं. तिन्ही ओळी कोऱ्या. जुना सेल निघाला त्याच क्षणी मेमरीने सगळं सोडून दिलं होतं. त्यात माझ्या मावसबहिणीची नोंद होती. तिला हे सांगायचं धाडस व्हायला मला दोन वर्षं लागली.

तेव्हा उघडू नका. कार्ट्रिज संगणकाला यूएसबीने जोडून वाचणारी छोटी उपकरणं मिळतात. त्यांनी ती नोंद आधी संगणकावर उतरवून घ्यायची, मग सेल बदलायचा, मग नोंद परत कार्ट्रिजवर लिहायची. हात बसलेल्या माणसाकडून करून घेतलंत तर उत्तम. आणि ते होईपर्यंत, आज, आत्ता, नावांचा पडदा उघडून फोनने एक फोटो काढून ठेवा. अजून एक. सुरू होत नसलं की कार्ट्रिजच्या पट्टीवर फुंकर मारायची आपली जुनी सवय आता सोडा, तोंडातल्या ओलाव्याने पट्टी गंजते. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन अलगद पुसली की काम होतं.

‘धड दिसत नाही’ यावर एक बारीक उपाय बघा. यंत्राच्या डाव्या कडेला एक दातेरी चाक आहे. उजवीकडचं आवाजाचं, डावीकडचं काळोखी कमी-जास्त करायचं. वर्षानुवर्षं कपाटात सरकता सरकता ते भलतीकडे फिरलेलं असण्याची दाट शक्यता आहे. ते फिरवा. पडद्याशेजारचा लाल दिवा मंद असेल तर सेल बदला. एवढं करूनही तुमच्या मुलीचं समाधान होणार नाही, कारण या पडद्याला स्वतःचा प्रकाशच नाही. खांद्यावरून उजेड येईल असं बसावं लागतं. लहानपणी आपण आपोआप तसे बसायचो, म्हणून कधी लक्षात आलं नाही.

आता तुमच्या पहिल्या मित्राकडे वळते. तो खोटं बोलत नाहीये, पण त्याचं ऐकून तुम्ही फसाल.

जुनं करडं कार्ट्रिज गेम बॉय कलरमध्ये घातलं की रंग खरंच येतात. निन्टेन्डोने त्या यंत्रात काही जुन्या खेळांसाठी रंगसंच आधीच ठरवून ठेवलेत. शिवाय सुरू होताना दिशेचं बटण एकटं किंवा ए नाहीतर बी यांच्याबरोबर दाबून बारा संचांतला एक आपणही निवडू शकतो. पण यंत्राला गवत काय, छप्पर काय, काही कळत नाही. त्याला कळतात फक्त छटा. मूळ खेळात चारच आहेत, सगळ्यात फिकटपासून सगळ्यात गडदपर्यंत. यंत्र त्या चार छटांच्या जागी चार रंग घालतं, की झालं. मागच्या सगळ्या चित्राला एक संच, हलणाऱ्या आकृत्यांना फार तर आणखी दोन. त्यामुळे जो हिरवा गवतावर तोच भिंतीवर, तोच डोंगरावर. काही वेळ गंमत वाटते, मग डोळे कंटाळतात.

डीएक्समध्ये हे काम माणसांनी बसून केलंय. गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, आणि मागचं चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या फरश्या जोडून बनतं. आडव्या २०, उभ्या १८, म्हणजे एका वेळी ३६० फरश्या. गेम बॉय कलरमध्ये अशा प्रत्येक फरशीला आठ संचांपैकी एक संच लावता येतो, एका संचात चार रंग. हलत्या आकृत्यांना वेगळे आठ संच, त्यांत तीन-तीन रंग, कारण चौथी जागा पारदर्शक. बत्तीस अधिक चोवीस, मिळून ५६. हे ५६ रंग ३२,७६८ रंगांच्या डब्यातून निवडायचे. म्हणजे कोणीतरी खेळ जिथे घडतो त्या अख्ख्या कोहोलिंट बेटावर फरशी फरशी करत फिरलंय आणि ठरवलंय, हे छप्पर, हे झुडूप, ही वाळू, हे पाणी. कार्ट्रिजही त्या हिशेबात ५१२ किलोबाइटवरून १ मेगाबाइटवर गेलं.

मला यात काय आवडतं सांगू? नकाशा तसाच राहिला. सोळा बाय सोळा, २५६ पडद्यांचं ते बेट, आणि त्यातला दगड सहसा कोणी इकडचा तिकडे केलेला नाही. संगीत तेच. बेटावरची मारिन नावाची मुलगी गाते ती चाल तीच, यंत्राच्या त्याच चार ध्वनिवाहिन्यांवर वाजणारी. जुन्या कलाकृतीला नवं रूप देताना हात शिवशिवणं साहजिक असतं. इथे रंगवणाऱ्यांनी मूळ रेषेबाहेर फारसा ब्रश जाऊ दिला नाही. म्हणून ‘फासलाय’ हा शब्द मला टोचला. ‘भरलाय’ म्हणा.

नव्याने घातलेल्या गोष्टी दोन, आणि दोन्हींबद्दल माझं मत जगापेक्षा थोडं वेगळं आहे.

पहिली, रंगांचं डंजन. जाहिरातीत सगळ्यात मोठी बाब म्हणून मिरवलेलं. गावातल्या वाचनालयात उंचावर एक पुस्तक असतं, धावायचे बूट घालून धडक मारली की पडतं. त्यात कबरी कोणत्या क्रमाने ढकलायच्या ते लिहिलंय, ढकलल्या की जमिनीत जिना उघडतो. आतली कोडी रंगांवरच बेतलेली, त्यामुळे तुमच्या करड्या यंत्रावर डीएक्सचं कार्ट्रिज चाललं तरी हे डंजन तेवढं मिळत नाही. डंजन ठीक आहे. छोटं आहे. खोड आहे ती त्याच्या बक्षिसात. शेवटी एक परी तुम्हाला झगा निवडायला सांगते. लाल घेतलात तर तुमचा वार जड होतो, निळा घेतलात तर तुम्हाला मार कमी लागतो. हे डंजन लवकर उरकता येतं, आणि मग पुढचा अर्धा खेळ लुटुपुटूचा होतो. माझं ऐकाल तर मनोरा सर होईपर्यंत तिकडे फिरकू नका. इतकी वर्षं वाट पाहून जिंकायचं ते उसन्या झग्याच्या जोरावर नको.

दुसरी गोष्ट म्हणजे फोटो काढणारा उंदीर. याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही आणि मला तर डीएक्समधली सगळ्यात लोभस भर तीच वाटते. हा उंदीर बेटावर कुठेही उपटतो आणि बारा प्रसंगी तुमचा फोटो काढतो. तेव्हा गेम बॉयला जोडायचा छोटा प्रिंटर मिळायचा, त्यावर हे फोटो छापताही यायचे. काही फोटो वेळ टळली की गेले, विशेषतः मारिन तुमच्याबरोबर फिरत असतानाचे. तिच्याबरोबर असाल तेव्हा घाई करू नका, विहिरीपाशी जाऊन या. आणि एक फोटो मिळवायला दुकानात चोरी करावी लागते. त्याचे परिणाम तुम्हाला आठवत असतीलच.

तक्रारीही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी त्यांची वकील आहे. जुन्या खेळाचा सगळ्यात मोठा जाच डीएक्सने तसाच ठेवला. बटणं दोनच आणि तलवारसुद्धा त्यातल्याच एका बटणावर बसवावी लागते. उडी मारायची तर पीस लावा, दगड उचलायचा तर कडं लावा, वाटेत शत्रू आला की पुन्हा थांबून तलवार लावा. शिवाय उचलता न येणाऱ्या दगडाला चुकून अंग लागलं की दर वेळी ‘हा फार जड आहे’ अशा अर्थाचं वाक्य पडद्यावर येणार आणि ते संपेपर्यंत तुम्ही उभे. लहानपणी या वाक्यांवरून आपण भाषा शिकलो असू, हे एक त्याचं पुण्य.

रंगांच्या भडकपणाचंही सांगायला हवं. आधुनिक पडद्यावर डीएक्स पाहिलात तर लाल जरा अंगावर येतो, हिरवा ओरडतो. गेम बॉय कलरच्या पडद्यालासुद्धा आतून दिवा नव्हता आणि त्यावर सगळेच रंग उतरलेले दिसायचे. चित्रं अशा फिक्या काचेतून पाहिली जाणार हे धरूनच रंग गडद ठेवले जात. उजळ पडद्यावर ते नको तितके उघडे पडतात. दोष चित्रकाराचा धरू नका.

आता धास्तीबद्दल. पत्रातली ती ओळ मी दोनदा वाचली.

मी या बेटावर उलट दिशेने आले. माझ्या हाती आधी रंगीत पडलं, करडं मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं. आणि तेव्हा मला रंगीत जास्त फिकं वाटायला लागलं! कारण करड्यात लक्षात आलं की या लोकांनी रंगाशिवाय सगळं सांगून टाकलंय. चार छटांमध्ये पाणी वेगळं दिसतं ते हलत्या रेघांनी, वाळू वेगळी दिसते ती ठिपक्यांनी, झुडूप आणि दगड यांत गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येकाची कड वेगळी काढलेली. रंगांचं डंजन सोडलं तर संपूर्ण खेळात असं एकही कोडं मला आठवत नाही जे सुटायला रंग लागतो. मूळ चित्र इतकं पुरतं होतं, म्हणूनच वरून रंग भरला तरी ते मोडलं नाही.

आणि जो शेवाळी रंग तुमच्या डोक्यात आहे तो खेळाने दिलेलाच नाही. तो काचेचा. १९८९च्या पहिल्या गेम बॉयचा पडदा तसा होता. पुढे १९९६ साली गेम बॉय पॉकेट आला त्यावर हाच खेळ राखाडी दिसतो, शेवाळीचा मागमूस नाही. १९९३ साली ज्यांनी हा खेळ बनवला त्यांनी ‘हिरवं’ असं कुठे लिहिलं नव्हतं. तुमच्या यंत्राने, तुमच्या खोलीतल्या उजेडाने, आणि वेगाने चाललं की मागे उरणाऱ्या त्या धूसर शेपटाने मिळून ते बेट तुमच्यासाठी रंगवलं. ते यंत्र तुमच्या घरात आहे आणि चालू आहे. डीएक्स कितीदाही खेळलात तरी दातेरी चाक फिरवलं की तुमचं बेट तिथेच.

या खेळाचा जन्मही असाच, आखणीबाहेरचा. काझुआकी मोरिता नावाच्या प्रोग्रॅमरने गेम बॉयवर झेल्डासारखं काही चालतं का ते हौसेने करून पाहायला घेतलं, बाकीचे ऑफिसचं काम संपल्यावर त्यात सामील होत गेले. दिग्दर्शक ताकाशी तेझुका, गोष्ट मुख्यतः योशिआकी कोइझुमीची. शाळा सुटल्यावरच्या क्लबसारखं चाललेलं काम म्हणूनच की काय, त्यात मारिओच्या खेळातले गुम्बा तळघरात फिरतात, साखळीला बांधलेला चेन चॉम्प गावात पाळीव कुत्रा म्हणून राहतो, आणि वस्तूंच्या अदलाबदलीची साखळी योशीच्या बाहुलीपासून सुरू होते. झेल्डा नावाची राजकन्या तेवढी नाही. (नाव टाकताना झेल्डा असं इंग्रजीत टाकून बघा मात्र, वेगळीच चाल ऐकू येते.)

तुम्ही सातव्या डंजनपर्यंत पोचला होतात, म्हणजे त्याआधी दक्षिणेकडच्या मुखमंदिरातलं भिंतीवरचं कोरीवकाम तुम्ही पाहिलेलं आहे आणि विंड फिशबद्दल, म्हणजे डोंगरावरच्या अंड्यात झोपलेल्या त्या माशाबद्दल, ते काय म्हणतं ते वाचलेलं आहे. तेव्हा भाषा धड कळत नसेल तर आता शांतपणे वाचा. तुमच्या धास्तीशी त्याचा संबंध आहे. याहून जास्त बोलत नाही. दादाने इतकी वर्षं पाळलेली शपथ मी कशाला मोडू?

खेळायचं कशावर, ते भराभर सांगते. डीएक्सचं अस्सल कार्ट्रिज काळं असतं आणि ते गेम बॉय कलर, गेम बॉय अॅडव्हान्स आणि अॅडव्हान्स एसपी या तिन्हींवर चालतं. त्यानंतरच्या डीएस यंत्रात बसत नाही. डोळ्यांचा विचार करता एसपी घ्या, त्याच्या पडद्याला दिवा आहे. नकली कार्ट्रिजं पुष्कळ फिरतात आणि त्यांतली बरीचशी नोंद टिकवत नाहीत, तेव्हा लेबलवर उजेडात तिरपं धरून दाबून उठवलेला बारीक आकडा दिसतो का ते पाहा. हा व्याप नको असेल तर घरी स्विच (निन्टेन्डोचं नंतरचं यंत्र) आहे का? त्याच्या ऑनलाइन सदस्यत्वात फेब्रुवारी २०२३पासून गेम बॉयचे खेळ आले आणि पहिल्याच यादीत डीएक्स होता. तिथे मधेच थांबवून ठेवता येतं, चूक झाली तर मागेही जाता येतं. पण थ्रीडीएस या जुन्या यंत्राचं ऑनलाइन दुकान त्याच वर्षी मार्चमध्ये बंद झालं, त्यामुळे कोणी तिकडची वाट दाखवली तर जाऊ नका.

तुमची जुनी नोंद डीएक्सच्या कार्ट्रिजमध्ये नेता येत नाही. नव्याने सुरुवात करावी लागेल, किनाऱ्यावर पडलेल्या तलवारीपासून. तुम्ही म्हणाल, मग जुन्याच नोंदीत उरलेली दोन डंजन संपवून टाकतो की. मी नको म्हणेन. इतक्या वर्षांनी थेट मनोऱ्याच्या मध्यात उतरलात तर हातात काय आहे, कोणती चावी कुठली, वाघळासारखं काय उडतंय, काही कळणार नाही आणि दुसऱ्या संध्याकाळी यंत्र परत कपाटात जाईल. पंधरा तासांचा खेळ आहे, कणाकणाने आठवत जाण्यात मजा आहे. शिवाय सुरुवातीपासून एकदाही न मरता गेलात तर शेवटी एक छोटंसं दृश्य जास्तीचं दिसतं. जुन्या नोंदीत ती संधी तुम्ही गमावलेली असणार, कोणीच त्या वयात न मरता सातव्यापर्यंत पोचलेलं नाही. दुसऱ्या ओळीतला तो मुलगा राहू दे मनोऱ्यात.

दुसऱ्या मित्राचं २०१९चं म्हणणं. ग्रेझो या कंपनीने स्विचसाठी केलेली ती आवृत्ती सुंदर आहे यात वाद नाही. सगळं बेट काचेच्या पेटीत मांडलेल्या खेळण्यांसारखं, चकचकीत, कडेला धूसर. तलवार, ढाल, बूट, कडं यांना हक्काची बटणं दिली. त्या एका सुधारणेसाठी मी त्यांना मिठी मारेन. पडदा तुटक न सरकता सलग सरकतो. मोकळ्या जागेत कधीकधी चित्र अडखळतं, ते दिसतं. माझा फोटोवाला उंदीर मात्र त्यांनी हाकलला आणि त्याच्या जागी स्वतः डंजन जुळवायचा एक प्रकार आणला, तो मला रटाळ वाटला. पण तुमच्यासाठी मुद्दा वेगळा आहे. तिथे चित्र नव्याने काढलंय. तुमच्या आठवणीशी ते बोलत नाही, आपलं आपण बोलतं.

तुमच्या मुलीला मात्र तेच द्या. ज्या मुलीला करडा पडदा बघून शाई संपली वाटते तिला ‘यातच खरी गोडी’ असं सांगत बसू नका, आपल्याला कोणी तसं सांगितलं असतं तर आपणही पळालो असतो. तिने २०१९चं खेळावं, तुम्ही १९९८चं. नकाशा दोन्हीकडे जवळजवळ एकच. ती विचारेल, “ते माकडाला काय द्यायचं?” आणि तुम्हाला उत्तर माहीत असेल. दोन दिवसांनी उलटंही होईल.

राहिला मनोरा. तिथे तुम्ही का अडकलात ते न सांगताही मला ठाऊक आहे, कारण सगळे तिथेच अडकतात. लोखंडी गोळा हातात घेऊन चार खांब फोडायचे असतात. फुटले चारही, की वरचा मजला खाली येऊन बसतो आणि रस्ता तयार होतो. आपली समजूत अशी होते की गोळा घेऊन सगळीकडे जायचं. काही ठिकाणी तो घेऊन जाताच येत नाही. तिथे गोळा अडथळ्याच्या पलीकडे फेका, तुम्ही वेगळ्या वाटेने फिरून पलीकडे या आणि तिथून पुन्हा उचला. एवढंच होतं. थांबायचं झालं की चारही बटणं एकदम दाबा, ए, बी, स्टार्ट, सिलेक्ट. नोंद करायचा पडदा येतो. हे तुमच्या अंगठ्यांना अजून आठवत असेल.

आणि त्या उंदराच्या फोटोसाठी दुकानात चोरी कराल तेव्हा मुलगी शेजारी नसू दे. एकदा चोरी केली की बेटावरचं प्रत्येक माणूस तुम्हाला नावाऐवजी ‘चोर’ म्हणून हाक मारतं, खेळ संपेपर्यंत.